बूट फाइलींची ज्येष्ठता यादी

कोणतीही गोष्ट सुरू करायची तर ती आधीपासून सुरू असावी लागते, हे प्रशासनाचे मूलतत्त्व आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांनी एखाद्या बंद खिडकीपुढे रांग लावून पाहावी.

जन्मनोंदणी कार्यालयाला या तत्त्वाची प्रचिती एका मंगळवारी आली. कार्यालयाचा जुना सर्व्हर नऊ वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर निवृत्त झाला. (मध्यंतरी दोनदा धूर आला होता, चौकशीअंती तो पंख्याचा वैयक्तिक धूर ठरला.) त्याच्या पोटातले सगळे, म्हणजे सहा लाख चौदा हजार माणसांचे जन्म, एकाच मोठ्या फाइलीत उतरवून घेतले गेले. अशा फाइलीला डिस्क इमेज म्हणतात आणि तिच्यावर चालणाऱ्या मशीनला व्हर्च्युअल मशीन. म्हणजे मशीन असते, काम करते, पण दाखवा म्हटले तर दाखवता येत नाही. (कार्यालयात अशी तीन पदे पूर्वीपासून भरलेली असल्याने कल्पना समजायला कुणाला जड गेले नाही.)

अडचण एकच निघाली. हे मशीन उठवायचे तर त्याच्या बूट फाइली, म्हणजे त्याला जागे करणाऱ्या दोन लहानशा फाइलींची जोडी, नव्या व्यवस्थेच्या हातात बाहेरून द्यावी लागे. आणि ती जोडी होती डिस्क इमेजच्या आत. झोपलेल्या माणसाच्या पोटात गजराचे घड्याळ असावे, तसे.

कार्यालयाच्या तंत्रज्ञाच्या दृष्टीने हे सात मिनिटांचे काम होते. इमेज नुसती वाचण्यापुरती उघडायची, बूटच्या कप्प्यात जायचे, सगळ्यात नवी जोडी बाहेर नकलून घ्यायची. त्याने तसे सांगितलेही, पण तो स्वभावाने इतका हळू बोलणारा होता की वाक्याच्या शेवटापर्यंत समोरचा सहसा थांबत नसे. शिवाय सात मिनिटांत होणारे काम महत्त्वाचे असूच शकत नाही, असे निबंधक साहेबांचे मत पडले. पाच जणांची समिती नेमली गेली.

त्याच दिवशी दुपारी तंत्रज्ञाच्या ताईचा फोन आला. तिच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता आणि सोमवारी बाराच्या आत जन्माचा दाखला दिला नाही तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. ताईचे म्हणणे सरळ होते: पोरीचा जन्म तुझ्याच ऑफिसात आहे, मग आण की येताना. तंत्रज्ञाने डिस्क इमेज समजावून सांगितली. ताईने शांतपणे ऐकून घेतली आणि फोन मुलीकडे दिला.

“मामा,” भाची म्हणाली, “मी जन्मले होते ना नक्की?”

“होतीस गं. मी होतो तिथे.”

“मग तूच लिहून दे ना.”

बुधवारी तंत्रज्ञाने एक लाजिरवाणी गोष्ट केली. कुणालाही न विचारता त्याने त्या डिस्क इमेजची आणखी एक प्रत काढून आपल्या टेबलाखालच्या मशीनवर ठेवली. त्यामागे बंडखोरी नव्हती. दाराला कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहणाऱ्यांपैकी तो होता.

गुरुवारी समिती बसली. निबंधक साहेब, भांडारपाल बाई, विधी सल्लागार, स्वतः तंत्रज्ञ आणि गाडीचे ड्रायव्हर. (ड्रायव्हर चावी द्यायला आले होते, गणसंख्या भरेना म्हणून त्यांना बसवून घेण्यात आले.) बूटच्या कप्प्यात एक नव्हे, चार जोड्या निघाल्या. मशीनमध्ये वेळोवेळी सुधारणा होत गेली तशी नवी जोडी आली आणि जुनी तशीच राहिली. सगळ्यात जुनी नऊ वर्षांची, सगळ्यात नवी चार महिन्यांची. चारांतून एक निवडायची म्हटल्यावर कार्यालयाला मार्ग एकच ठाऊक होता. ज्येष्ठता यादी तयार झाली.

“साहेब,” तंत्रज्ञ म्हणाला, “यात सगळ्यात नवीन घ्यायची असते. जुनीला आता आतलं काही ओळखू येणार...”

“म्हणजे नऊ वर्षं सेवा केलेल्याला डावलून चार महिन्यांच्या पोराला बसवायचं?” भांडारपाल बाईंनी चष्मा काढला. “वर तुम्हीच म्हणता ओळखू येणार नाही म्हणून. काय बोलावं माणसानं.”

“माझ्या बाबतीत हेच झालं होतं,” ड्रायव्हर म्हणाले, आणि नऊ वर्षांची जोडी बहुमताने पहिली ठरली.

विधी सल्लागारांच्या मतेही ज्येष्ठता डावलली असती तर प्रकरण कोर्टात टिकणार नव्हते. यादीवर चोवीस तासांत हरकती मागवण्यात आल्या. एकही आली नाही. (हरकती ऑनलाइन नोंदवायच्या होत्या आणि ती सोय त्याच मशीनवर होती.)

शुक्रवारी नऊ वर्षांची जोडी विधिवत बाहेर काढली गेली. भांडाराच्या नियमाप्रमाणे एक वस्तू दोन जागी असू शकत नाही, म्हणून आतली मूळ जोडी पुसण्यात आली. उरलेल्या तिन्ही जोड्या अतिरिक्त ठरल्या. त्याही पुसण्यात आल्या. तंत्रज्ञाने डोळे मिटून बटण दाबले. मशीन जागे झाले, पडद्यावर अकरा ओळी उमटल्या, बाराव्या ओळीत त्याने कळवले की समोर ही डिस्क कुणाची आहे ते समजत नाही. ज्या पूरक फाइलींच्या आधाराने जुनी जोडी डिस्क ओळखायची, त्या सहा वर्षांपूर्वीच साफसफाईत गेल्या होत्या. मग मशीन गप्प झाले.

समितीचा अहवाल त्याच संध्याकाळी आला. बूट फाइली काढणे: यशस्वी. मशीन सुरू होणे: समितीच्या कार्यकक्षेबाहेर. ड्रायव्हरांनी सही केली आणि चावी दिली.

सोमवारी सकाळी भाची कार्यालयाच्या बाकावर येऊन बसली. मामाला हाक मारली नाही, नुसती बसली. दहा वाजून वीस मिनिटांनी तंत्रज्ञाने टेबलाखालची प्रत उघडली, तिच्यातून चार महिन्यांची जोडी बाहेर घेतली आणि मशीन उठवले. चाळीस सेकंदांत सहा लाख चौदा हजार माणसे पुन्हा जन्मली. त्यांतल्या एकीचा दाखला छापून तो निबंधक साहेबांच्या दारात उभा राहिला.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. “मशीन तर बंद आहे. मग हे आलं कुठून?”

तंत्रज्ञाच्या मनात तीन चांगली उत्तरे होती. त्याने चौथे, खरे दिले. आपण बुधवारी विनापरवानगी प्रत काढली, हा दाखला त्या प्रतीतला आहे, आणि हा आपल्या सख्ख्या भाचीचा आहे. शिक्षा व्हायची ती होऊ दे, पण आधी सही करावी, कारण अकरा वाजत आले आहेत. या वेळी वाक्य संपेपर्यंत साहेब थांबले.

साहेबांनी समितीचा अहवाल पुढे ओढला.

“समितीने काढलेल्या फाइलींमुळेच मशीन सुरू झालं, असं लिहून आणाल?”

“आणतो.”

साहेबांनी सही केली, शिक्का मारला. कागद हातातून सोडता सोडता आवाज खाली आणून म्हणाले, “आता सुरूच आहे, तर आमच्या नातवाचाही एक काढा. शाळेला हवाय.” बारापर्यंत भांडारपाल बाईंनी दोन आणि ड्रायव्हरांनी एक नेला.

भाची पावणेबाराला नर्सिंगच्या कार्यालयात पोचली. तिथून तिने मामाला फक्त “झालं” एवढेच कळवले.

ज्येष्ठतेनुसार बूट फाइली काढण्याची ही यशस्वी पद्धत आता इतर सव्वीस कार्यालयांना आदर्श म्हणून धाडण्यात आली आहे. आधी एक प्रत बाजूला ठेवावी, अशी तळटीप तंत्रज्ञाने जोडली होती. पान एका ओळीने वाढत असल्याने ती गाळण्यात आली. वाचकहो, त्या सव्विसांपैकी एका कार्यालयात तुमचाही जन्म आहे. घाबरण्याचे काहीच कारण नाही. फक्त तिथल्या तंत्रज्ञाची भाची यंदा कुठे प्रवेश घेते आहे का, एवढी चौकशी आजच करून ठेवा.