कोरियन बाटल्यांवरचं मराठी

माझ्या नावापुढे पदवी लागली ती शांताराम नानांमुळे. दोंडाईच्यात ते आमचे शेजारी, दवाखान्यातून निवृत्त झालेले कंपाउंडर. आमच्या घरातून कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं. धुळ्याला माझा अर्ज नानांनीच भरला आणि 'इतर माहिती'च्या रकान्यात लिहिलं, 'मुलगा अशक्त आहे, पण हुशार.'

नानांना जगात सगळीकडे कमतरता दिसते. लग्नात नवरदेव हसला नाही, तर त्याला लोह कमी. पंखा हळू फिरला, की म्हणणार, "याले बी-बारा देनं पडी." पाहुण्यांना चहाबरोबर बशीत बिस्किटाऐवजी कॅल्शियमची गोळी मिळते. आमच्या गल्लीत आता त्यांच्याकडे चहाला जाणारे थोडेच उरले आहेत.

नोकरीसाठी मी कोरियात आलो. इथे कारखान्यात दुपारचं जेवण झालं, की बहुतेकांच्या खिशातून व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या पुड्या निघतात. सणाला मुलं आईवडिलांना जिनसेंग नावाच्या शक्तिवर्धक मुळीच्या पेट्या भेट देतात. हे ऐकून नाना खूश झाले. "त्या लोके हुशार शेतस," म्हणाले. मग मीही त्यांना अधूनमधून अशा गोळ्यांच्या बाटल्या पाठवू लागलो.

लेबल कोरियन भाषेत. दर रविवारी नाना फोनसमोर बाटली धरत आणि मी वाचून मराठीत सांगत असे: कधी घ्यायची, किती घ्यायची. पुढच्या रविवारी पुन्हा तीच बाटली. "विसरी गऊ रे भाऊ," म्हणायचे. तीस वर्षं पेशंटचे डोस तोंडपाठ ठेवलेला माणूस असा विसरेल कसा, अशी शंका मला कधी आली नाही.

मागच्या महिन्यात नानांचं रक्त तपासलं. कसलीच कमतरता निघाली नाही. डॉक्टरांनी गोळ्यांची गरज नाही म्हणून सांगितलं. नानांनी जरा खट्टू होऊनच रिपोर्टचा फोटो पाठवला. रिपोर्टच्या मागे माझ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. मी फोटो मोठा करून पाहिला. एकीचंही सील तोडलेलं नव्हतं. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली आणि तिच्यावर कंपाउंडरच्या रेखीव अक्षरात, मी सांगितलेलं सगळं मराठीत उतरवलेलं.

तरी मला कळलं नाही. फोनवर मी म्हणालो, नाना, घेत नाही, वाचायचंही अडत नाही, तर आता पाठवणं बंद करतो.

नाना म्हणाले, "मंग इतवारना फोन बी बंद शे का?"

नानी गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. मी त्यांना पत्र पाठवलं:

'ती. नानांस, सा. नमस्कार.

रिपोर्ट चांगला आला, आनंद झाला. बाटल्या बंद, फोन चालू. रविवारी मला सुट्टी असते आणि खोलीत एकट्याला जेवण जात नाही, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही साडेबाराला जेवता. ताट घेऊन फोनसमोर बसा. इथे तेव्हा चार वाजलेले असतात. तोवर मी जेवायचा थांबेन.

तुमचा,
जगन'