पिस्तुलाआधी तिजोरी

पिस्तूल घ्यायचं, हे ठरवायला विपुल मेश्रामला एक आठवडा लागला. कोणतं घ्यायचं, हे ठरवायला वर्ष पुरेना.

तो एक आठवडाही रोहिणीमुळे लागला. शनिवारी सकाळी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता त्याने विषय काढला.

"मी पिस्तूल घेतोय."

"कोणासाठी?" रोहिणीने विचारलं.

"कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी. क्लबमध्ये वापरायला. दीड वर्ष झालं, दुसऱ्यांची पिस्तुलं मागून मारतोय. आता परीक्षा पास झालोय, सर्टिफिकेट आहे."

"तू मिक्सर घ्यायला पाच महिने लावलेस, विपुल. तोवर मी चटणी खलबत्त्यात कुटली."

"हे वेगळं आहे."

"बघू," रोहिणी म्हणाली आणि आठवडाभराने हो म्हणाली. त्याला कारण होतं. विपुल वोल्फ्सबुर्गच्या मोटार कारखान्यात ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासायचा. नऊ वर्षांत कामाच्या ठिकाणी त्याच्याशी सगळे नीट वागले होते, पण एकाही जर्मन माणसाने त्याच्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. इथे ओळखी फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात होतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं. गायनाच्या फेराइनला लागणारा गळा त्याच्याकडे नव्हता, फुटबॉलला लागणारा गुडघा नव्हता. उरला नेमबाजीचा क्लब. तिथे स्तब्ध उभं राहायचं, श्वास रोखायचा आणि घाई करायची नाही. या तिन्ही गोष्टी विपुलला जन्मतःच येत होत्या. तिसऱ्या महिन्यात युर्गन नावाच्या निवृत्त टूलमेकरने त्याला 'झी' सोडून 'डू' म्हणायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी विपुल घरी येऊन रोहिणीला म्हणाला होता, "मला एक जण अरे-तुरे करतो." इतका खूश तो प्रमोशनलाही झाला नव्हता.

पिस्तूल कसलं हवं, हे मात्र त्याला पहिल्यापासून पक्कं ठाऊक होतं. जुन्या ढंगाचं. शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्याचं, सबंध पोलादाचं, मुठीला अक्रोडाचं लाकूड आणि मागे बाहेर दिसणारा घोडा. प्रश्न एवढाच होता की, असं पिस्तूल डझनभर कंपन्या बनवत होत्या. विपुलने एक्सेल शीट उघडली. वजन, चापाचा ताण, मुठीची जाडी, नळीची लांबी, दुरुस्तीची सोय असे तेवीस रकाने झाले. मुठीच्या जाडीचं कोष्टक करण्याआधी त्याने स्वतःच्या पंज्याचं माप घेतलं, मग शंका आली म्हणून रोहिणीकडून परत घेतलं.

क्लबमध्ये सल्ल्यांना तोटा नव्हता.

"पोलाद घे. जड असलं की हात हलत नाही," युर्गन म्हणायचा.

"जड असलं की हात दुखतो," हायके म्हणायची. ती क्लबची सर्वांत पक्की नेमबाज होती, त्यामुळे तिचाही रकाना करावा लागला.

ब्राउनश्वाइगच्या दुकानदाराने पहिल्या भेटीत त्याला पाच पिस्तुलं दाखवली, तिसऱ्या भेटीत खुर्ची दिली, सातव्या भेटीत कॉफी दिली. नवव्या भेटीत त्याने काउंटरवर दुकानाच्या किल्ल्या ठेवल्या आणि म्हणाला, "आल्झो, हेर मेश्राम, मी जेवून येतो." अर्थात तो विनोद होता. पिस्तुलांच्या कपाटाच्या किल्ल्या त्याने खिशातच ठेवल्या होत्या.

तेवढ्यात सरकारी परवाना आला. त्यावर लिहिलं होतं : अर्धस्वयंचलित पिस्तूल एक, कॅलिबर नऊ मिलिमीटर, एका वर्षात विकत घ्यावे. नाही घेतलं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. विपुलला वाटलं, वर्ष म्हणजे पुष्कळ झालं.

एक गोष्ट तेवढी चटकन झाली. पिस्तूल ठेवायला घरात तिजोरी हवी, असा नियम आहे, आणि ती कोणत्या दर्जाची हवी हेही नियमातच लिहिलेलं आहे. निवडायला काही शिल्लकच नसल्यामुळे विपुलने तिजोरी एका दिवसात घेतली. चौघांनी मिळून ती दुसऱ्या मजल्यावर चढवली आणि अभ्यासाच्या खोलीत भिंतीला बोल्टाने आवळून टाकली. आत काही नव्हतं.

घरातली रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. आधी रोहिणीने दागिने ठेवले, मग पासपोर्ट. दहाव्या महिन्यात तिची आई, मीराबाई, उल्हासनगरहून दोन महिन्यांसाठी आल्या, येताना दोन किलो सुके बोंबील आणि किलोभर सुकट घेऊन. पहिल्याच आठवड्यात जिन्यात कोणीतरी टाइप केलेला कागद लावला. 'इमारतीत माशांचा वास येत असून उगम शोधावा' अशी त्यात विनंती होती. मीराबाईंनी कागदाचा अर्थ लेकीकडून ऐकला, घरभर एक फेरी मारली आणि तिजोरीपुढे थांबल्या.

"हे उघडा, विपुलराव."

"आई, ती पिस्तुलाची आहे."

"पिस्तूल कुठाय?"

विपुलने तिजोरी उघडली. बोंबील, सुकट सगळं आत गेलं. दार इतकं घट्ट बसायचं की, दुसऱ्या दिवशी जिन्यातला कागद निघाला.

"रोज सकाळी पंचशील म्हणता आणि पिस्तूल कसलं घेता?" मीराबाईंनी एकदा विचारलं.

"कागदावर मारायचं असतं, आई. गोल गोल काढलेले असतात."

"मग टाचणीने भोकं पाडा की."

परवान्याचे पस्तीस दिवस उरले असताना एका बुधवारी सकाळी बेल वाजली. विपुल घरूनच काम करत होता. दारात शस्त्र परवाना खात्याच्या बाई उभ्या होत्या, हातात फाइल, चेहरा फाइलसारखाच. तिजोरी नियमाप्रमाणे आहे का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

विपुल बाईंना आत घेऊन गेला आणि तिजोरीपुढे वाकला. आत काय आहे, हे त्याला तेव्हाच आठवलं आणि बोटं घाई करू लागली. त्याने सहा आकडे दाबले. लाल दिवा. पुन्हा दाबले. लाल दिवा. तिसऱ्यांदा चुकलं असतं तर कुलूप दहा मिनिटं बंद पडलं असतं.

"व्हा बाजूला," मागून मीराबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, एक-चार, एक-शून्य, पाच-सहा असं तोंडाने म्हणत आकडे दाबले आणि दार उघडून बाईंकडे पाहून हसल्या.

"आई! तुम्हाला कोड कोणी सांगितला?"

"सांगायला कशाला पाहिजे? चौदा ऑक्टोबर छप्पन. आपल्या घरात सहा आकडे म्हणजे धम्मदीक्षेशिवाय दुसरं काय असणार?"

बाई तिजोरीच्या दारावरची पाटी वाचायला वाकल्या आणि तितक्याच झटकन सरळ झाल्या. फाइल त्यांनी नाकापाशी धरली.

"या कोण?" त्यांनी विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"यांच्याकडे शस्त्र परवाना आहे?"

"नाही."

"आणि हे?" बाईंनी पेनाने बोंबलांच्या पिशवीकडे दाखवलं.

"मासे. सुके. पिस्तूल अजून घेतलेलं नाही. निवडतोय."

बाईंनी परवान्याची तारीख पाहिली, मग विपुलकडे पाहिलं. "हेर मेश्राम, मासे ठेवायला कायद्याची हरकत नाही. पण पिस्तूल येण्याआधी कोड बदला. तो तुमच्याशिवाय कोणालाही सुचता कामा नये. घरातल्या कोणालाही. फेरश्टांडन? समजलं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," विपुल म्हणाला.

कोणालाही न सुचणारे सहा आकडे शोधायला विपुलला आठवडा लागला. त्यासाठी त्याने नवी शीट उघडली. जन्मतारखा बाद, गाडीचा नंबर बाद, नागपूरच्या घराचा पिनकोड बाद. शेवटी एक्केचाळीस कोड उरले. गुरुवारी संध्याकाळी तो तिजोरीपुढे बसला आणि एक कोड घातला. तो सोपा वाटला म्हणून बदलला. दुसरा अवघड वाटला म्हणून बदलला. रोहिणीने जेवायला तीनदा हाक मारली, तोवर त्याने नऊ वेळा कोड बदलला होता.

शनिवारी सकाळी रोहिणी म्हणाली, "आईचा पासपोर्ट काढून दे. उद्या फ्रँकफर्टहून फ्लाइट आहे."

विपुल तिजोरीपुढे बसला. लाल दिवा. लाल दिवा. लाल दिवा. कुलूप दहा मिनिटं बंद.

"शेवटचा कोड कोणता घातलास?" रोहिणीने विचारलं.

"या एक्केचाळीसपैकी एक."

रोहिणीने फोन लावला. तिजोरी कंपनीच्या हेल्पलाइनवर एक गोड आवाज सोमवारी सकाळी आठ वाजता फोन करायला सांगत होता. मीराबाईंची बॅग भरून दाराशी उभी होती. सोमवारी त्यांच्या धाकट्या मुलीची, उत्कर्षाची, ओटी भरायची होती आणि ती त्यांनीच भरायची होती.

"माझ्यामुळे झालं का हो हे?" मीराबाईंनी हळूच विचारलं.

त्या प्रश्नाने विपुल इतका ओशाळला की, इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते त्याने केलं. सुट्टीच्या दिवशी, आधी न कळवता, एका जर्मन माणसाला फोन केला.

युर्गन अर्ध्या तासात आला. सोबत अवजारांची पेटी आणि हायके. त्याने तिजोरीवर टकटक केली, कान लावला आणि पेटी न उघडताच खाली ठेवली.

"ही मी फोडली तर बनवणाऱ्याला तुरुंगात टाकावं लागेल. यादी आण."

यादी आली. तीन कोड घालायचे, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा तीन. थांबण्याच्या वेळात करणार काय? पहिल्या दहा मिनिटांत मीराबाईंनी चहा दिला, दुसऱ्यात कांदाभजी. चौथ्यात युर्गनने स्वतः कांदा चिरायला घेतला. हायके कोड घातला की यादीवर काट मारत होती, अगदी क्लबमध्ये गुण लिहिते तशी. दोन तासांत एक्केचाळीसच्या एक्केचाळीस ओळींवर काट बसली आणि दिवा लालच राहिला.

"यादीबाहेरचा आहे," हायके म्हणाली.

"शक्य नाही. यादीबाहेर मी जात नाही," विपुल म्हणाला.

"गुरुवारी मी तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तू काय म्हणालास, आठवतंय?" रोहिणी म्हणाली. "'मरू दे, आलो' म्हणालास."

युर्गनला याचं भाषांतर करून सांगितलं. त्याने यादी बाजूला सारली. मग म्हणाला, "एक-दोन-तीन-चार-पाच-सहा घालून बघ."

"युर्गन, मी सेफ्टी डिपार्टमेंटमध्ये आहे."

"म्हणूनच म्हणतो."

विपुलने दहा मिनिटं संपायची वाट पाहिली. मग एकेक आकडा असा दाबला, जणू तो दुसऱ्याच कोणाचा कोड आहे. हिरवा दिवा लागला.

कोणी हसलं नाही. त्यामुळे त्याला जास्तच लाज वाटली. दार उघडलं आणि दोन दिवस कोंडलेला वास बाहेर आला. पण मीराबाईंनी आधी पासपोर्ट छातीशी धरला, आणि मग बोंबलांची अख्खी पिशवी बाहेर काढून रोहिणीच्या हातात दिली. "आता ठेवायचे कोणासाठी? तळ सगळे."

तासाभरात युर्गनने अकरा बोंबील खाल्ले. बाल्कनीत बसून बोटं चाटता चाटता तो म्हणाला, "विपुल, परवान्याचे किती दिवस राहिले?"

"पंचवीस."

"माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, आता पिस्तूल पुरे. माझं बघितलंयस तू. नऊ मिलिमीटर, एकतीस वर्षं वापरलंय. लाकडाला माझ्या हाताचा आकार आलाय. दोघांनी मागितलं, मी दिलं नाही. एक जण पाच मिनिटांत हो म्हणाला. अशा माणसाला मी सायकलसुद्धा देणार नाही. तुला हवंय का?"

विपुलने हातातला बोंबील खाली ठेवला. त्याने ते पिस्तूल शेकडो वेळा पाहिलं होतं, दोनदा हातातही घेतलं होतं. त्याच्या पंज्यात ते चपखल बसायचं, पण ते शीटमध्ये नव्हतं, कारण विकाऊ नव्हतं. चापाचा ताण मोजावा लागेल. एकतीस वर्षांत स्प्रिंगा किती वेळा बदलल्या, ते विचारावं लागेल. युर्गन त्याच्याकडे पाहत होता. हायकेही पाहत होती. विपुलने ओठ उघडले. मला जरा विचार करू दे, हे वाक्य जर्मनमध्ये जुळवायला त्याने सुरुवात केली.

इतक्यात स्वयंपाकघरातून रोहिणीने गरम बोंबील न्यायला हाक मारली. जावई हलत नाहीत, हे पाहून मीराबाई शेजारच्या खुर्चीतून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "जा!"

जर्मन भाषेत 'या' म्हणजे हो. पण तो J-A असा लिहितात, त्यामुळे वोल्फ्सबुर्गमधली मराठी मंडळी सर्रास 'जा'च म्हणतात, आणि मीराबाईंचा 'जा' युर्गनच्या कानाला त्याच्या 'या'पासून फार लांबचा वाटला नाही. त्याचा चेहरा उजळला. त्याने आधी मीराबाईंना मान लववून नमस्कार केला, मग विपुलचा तेलकट हात आपल्या तेलकट हातात घेऊन जोरजोरात हलवला.

"या, गुट!" तो म्हणाला. "ठरलं."

"झालं एकदाचं," हायके म्हणाली आणि तिने बिअरची बाटली उंचावली.

विपुलला खुलासा करता आला असता. त्याने तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं, युर्गनच्या हातातल्या आपल्या हाताकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मग तो उठून स्वयंपाकघरात गेला.

"इतका वेळ काय चाललं होतं?" रोहिणीने तव्यावरून नजर न काढता विचारलं.

"पिस्तूल ठरलं."

"कोणी ठरवलं?"

"आईंनी."

रोहिणीने शेवटचा बोंबील उलटला आणि ताट त्याच्या हातात दिलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "गार व्हायच्या आत घेऊन जा."