बिडाच्या तव्यासाठी टिकल्यांची मोहीम

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मोंटाना प्रांती, कसबे हार्लो बेंच येथील शिकारसामानाच्या दुकानाचे दार उघडले, आणि राजश्री व्हर्लिनराव स्टकी यांनी टिकल्यांची एक डबी हस्तगत करून छातीशी धरली. प्रसंग एवढाच. परंतु त्यामागे जे राजकारण घडले, जी मसलत फसली आणि ज्या तहाने युद्ध थांबले, ते सर्व मुळापासून येथे लिहिले आहे. जे दोघांनी सांगितले ते खरे धरले, जे एकानेच सांगितले ते तसे नमूद केले, आणि पदरचे काही घातले नाही.

त्या साली मुलुखात दारूगोळ्याचा दुष्काळ पडला. बंदुका मुबलक, शिसे मुबलक, झाडलेली पितळी काडतुसे तर घरोघरी बादल्या भरून. परंतु काडतुसाच्या बुडाशी जी मसुराएवढी टिकली बसवावी लागते, जी पेटल्यावाचून दारू पेटत नाही आणि दारू पेटल्यावाचून गोळी जागची हलत नाही, ती टिकली कोठे दृष्टीस पडेना. घरी काडतुसे भरणारे हौशी सरदार, ज्यांनी आजवर बाजारच्या तयार काडतुसास हात लावणे कमीपणाचे मानले होते, ते मुकाट्याने तयार काडतुसे शोधावयास निघाले, आणि तीही मिळेनात, मग परत येऊन साठेबाजांस शिव्या देऊ लागले. साठेबाज कोण, याचा तपास करता प्रत्येकाने शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखविले. वास्तविक कोणाच्या पलंगाखाली, कोणाच्या तळघरात, कोणाच्या पाहुण्यांच्या खोलीतील कपाटात टिकल्यांची कोठारे होती, आणि ज्याचे कोठार जेवढे मोठे तेवढी त्याची हाकाटी मोठी. मग असलेली टिकली सरेल या भयाने कोणी बार काढीना. नेमबाजीच्या मैदानावर ऐसी शांतता पसरली की हरणे येऊन निशाणांच्या फळ्यांपाशी चरू लागली, आणि एक हरिणी तर शंभर यार्डांच्या खुणेवर रोज दुपारी विसावा घेऊ लागली. नेमबाज मंडळी मोटारीतून तिजकडे पाहत, निःश्वास सोडीत आणि घरी जात.

व्हर्लिनराव साठेबाज नव्हते. त्यांनी साठा केला होता, परंतु गोळ्यांचा. तो नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत पुरेल. टिकल्या पुढल्या महिन्यात स्वस्त होतील म्हणून घ्यावयाच्या राहिल्या, ऐसे ते स्वतः सांगतात.

आता टिकलीवाचून त्यांचे असे काय अडले होते, ते लिहिणे प्राप्त आहे. या कसब्यात नेमबाजांचा क्लब आहे, आणि त्याची वार्षिक स्पर्धा सप्टेंबरात होते. गतसाली स्पर्धेच्या सकाळी विजेत्याकडे वर्षभर राहणारा फिरता चषक सापडेना. तेव्हा व्हर्लिनराव क्लबाचे अध्यक्ष होते, लागोपाठ विजयी होत आल्याने त्यांच्या अंगी मोठा आत्मविश्वास संचारला होता, आणि मग त्यांनी कोणासही न विचारता घरी जाऊन चुलीवरचा बिडाचा तवा आणला आणि चषकाच्या जागी मांडला. संध्याकाळी तोच परत नेऊन जागेवर ठेवू, कोणास कळणारही नाही, ऐसी त्यांची अटकळ होती. हा तवा त्यांच्या पत्नी सौभाग्यवती आर्डिसबाई यांस त्यांच्या मातुश्रींनी मरतेसमयी दिलेला. दैवगती ऐसी की व्हर्लिनराव एका गुणाने हरले, आणि जिंकले ते ऑरिन टॉलेफसन, जे आर्डिसबाईंचे सख्खे धाकटे बंधू, एकटे राहणारे, आणि आईने तवा ताईलाच का दिला याचे शल्य मनी बाळगून असलेले. ऑरिनरावांनी तवा डोक्यावर धरून मैदानास प्रदक्षिणा घातली. आर्डिसबाई काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर परवडले असते, ऐसे व्हर्लिनरावांचे म्हणणे.

तेव्हापासून स्टकी घराण्यात बटाट्याच्या काचऱ्या नव्या, न चिकटणाऱ्या, पत्र्याच्या तव्यात होऊ लागल्या. त्या पांढऱ्या आणि मऊ, आजाऱ्यास पथ्य म्हणून द्याव्यात ऐशा होत, आणि आर्डिसबाई त्या नवऱ्यापुढे रोज सकाळी, हसतमुखाने, न चुकता वाढीत. वर्षभर हा मार सोसून व्हर्लिनरावांनी पण केला की येत्या स्पर्धेत तवा जिंकून आणीन. रायफल तेल देऊन सज्ज केली, पितळ घासून आरशासारखे केले, दारू तोलण्याचा काटा पुसून ठेविला, आणि मग टिकल्यांच्या खणात हात घातला तो खण रिकामा.

इतक्यात वार्ता आली की शुक्रवारी दुकानात माल येणार. व्हर्लिनराव उजाडताच घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन दारापाशी मोर्चा धरून बसले, आणि रांगेत त्यांच्या मागोमाग साक्षात ऑरिनराव येऊन ठाकले.

"काय व्हर्लिन, कोंबडं आरवायच्या आधीच आलास वाटतं? गुडघा काय म्हणतोय?"

"गुडघा मजेत आहे. तुला रे कशाला टिकल्या? तुझ्या तळघरात पाय ठेवायला जागा नाही म्हणतात."

"लोक काय, काहीही म्हणतात." ऑरिनरावांनी खिशात हात घालून आभाळाकडे पाहिले. "बाकी, काचऱ्या कशा होतात रे हल्ली?"

हा वार वर्मी बसला. व्हर्लिनरावांनी थर्मासचे झाकण इतके घट्ट आवळले की ते पुढे तीन दिवस निघाले नाही.

आठ वाजता दुकानाच्या मालकीण मार्व्हाबाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाहीरनामा वाचला, तो ऐसा, की माणशी एकच डबी मिळेल, नवराबायको मिळून एक माणूस धरला जाईल, आणि कुत्रा माणसात धरला जाणार नाही. शेवटल्या कलमावर रांगेतून हरकत आली, ती फेटाळण्यात आली. मग दार उघडले आणि फौज आत शिरली. फळीवर माल आला होता तो दोन डब्या. दोन्ही निळ्या, दोन्ही सारख्या. व्हर्लिनरावांचा चष्मा मोटारीत राहिला होता, परंतु मेहुण्याचा श्वास मानेवर येत असता चष्म्यासाठी माघारी फिरणे म्हणजे रण सोडणे. म्हणून त्यांनी झडप घालून हाती लागली ती डबी उचलली. उरलेली ऑरिनरावांनी उचलली, तीवरचा मजकूर सावकाश वाचला, मग व्हर्लिनरावांच्या डबीवरचा वाचला, आणि त्यांच्या मुखावर मोठे समाधान पसरले. "अभिनंदन हं," ते म्हणाले. याचा अर्थ व्हर्लिनरावांस मोटारीत चष्मा लावल्यावर कळला. त्यांनी आणल्या होत्या पिस्तुलाच्या मोठ्या टिकल्या. रायफलीच्या लहान टिकल्यांची डबी, जी त्यांस हवी होती आणि जी त्यांच्या हाताशेजारी होती, ती त्यांनी शत्रूसाठी राखून ठेवली होती.

ते तडक परत दुकानात गेले.

"मार्व्हा, बदलून दे ना एवढी."

"दारूगोळा दाराबाहेर गेला की माझा नाही. पाटी वाच की वरची."

"चष्मा मोटारीत आहे."

"मग तोच तर घोटाळा झालाय ना सगळा!"

शनिवार शोकात गेला. रविवारी चर्चमधून परतताना व्हर्लिनरावांनी मानापमान बाजूस ठेविला आणि आपली डबी घेऊन स्वतःच वकील होऊन मेहुण्याच्या घरी अदलाबदलीचे बोलणे लावावयास गेले. ऑरिनराव दारापाशी आले, परंतु जाळीचे दार त्यांनी उघडले नाही.

"मोठ्या टिकल्या मला नकोत," ते आतूनच म्हणाले.

"तुझ्याकडे पिस्तूल आहे की."

"आहे. पण येत्या शनिवारी स्पर्धेला तू रिकामी बंदूक घेऊन उभा राहिलेला बघायचाय मला. ते पिस्तुलापेक्षा बरं."

"आत तरी घे, ऑरिन. कॉफी टाक."

"कॉफी संपलीय."

या मुलुखी वादळात वाट चुकून आलेल्या करवसुली अधिकाऱ्यासही कॉफी विचारतात. व्हर्लिनराव थक्क होऊन जाळीतून पाहत राहिले, आणि तेव्हा त्यांच्या नजरेस आले की चुलीवरच्या खुंटीस, जेथे ऑरिनरावांनी वर्षभर तवा टांगून आल्यागेल्यास दाखविला, तेथे काहीच नव्हते. आपल्या भयाने तवा लपविला असावा, ऐसा त्यांनी तर्क केला आणि त्या तर्काने थोडे सुखावून घरी आले.

आर्डिसबाई बटाटे सोलत होत्या. त्यांनी सर्व हकिकत ऐकून घेतली.

"कॉफी विचारली नाही त्यानं?"

"संपली म्हणाला."

"आणि तवा खुंटीवर नव्हता."

"नव्हता. घाबरलाय मला."

आर्डिसबाईंनी नवऱ्याकडे, मग बटाट्याकडे पाहिले, आणि सुरी खाली ठेवली. "तुला घाबरलाय होय," एवढेच बोलून त्यांनी भावास फोन लावला आणि हुकूम दिला, की उद्या सकाळी ये, आणि तवा घेऊन ये. पलीकडून काय उत्तर आले ते समजत नाही. फोन लवकर ठेवला गेला.

सोमवारी ऑरिनराव मागील दाराने आले. काखेत जुन्या टॉवेलात बांधलेले गाठोडे होते. व्हर्लिनराव गॅरेजात काडतुसे पुसत होते आणि मधले दार किलकिले होते. पुढील संभाषण त्यांनी स्वकर्णांनी ऐकले, आणि विचारले असता ऑरिनरावांनीही ते नाकारले नाही.

टॉवेल सोडला तो आत तवा निघाला, परंतु काळा कुळकुळीत नव्हे, तर जुन्या नांगराच्या फाळासारखा तांबूस, अंगभर गंजाचे फोड आलेला.

"साबण लावलास?" आर्डिसबाईंनी हळू विचारले.

"मी नाही, ताई."

"मग कोणी?"

"मशीननं."

"भांडी धुवायच्या मशीनमध्ये घातलास? आईचा तवा?"

"स्पर्धेसाठी जरा चकचकीत दिसावा म्हणून..."

"आईनं त्याला जन्मात कधी पाणी दाखवलं नाही, ऑरिन! आणि तू त्याला गरम पाण्यानं आंघोळ घातलीस!"

ऑरिनरावांनी खाली पाहिले. "मला वाटलं, वर्षभर माझ्याकडे आहे तर मीही काहीतरी करावं त्याच्यासाठी," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज मैदानास प्रदक्षिणा घालणाऱ्या वीराचा नव्हता. व्हर्लिनरावांनी दाराआड हातातले काडतूस खाली ठेवले. शत्रूची अवस्था पाहून त्यांस आनंद व्हावयास हवा होता. तो झाला, परंतु पुरता झाला नाही, ऐसे त्यांनी कबूल केले आहे.

"रडू नकोस," आर्डिसबाई म्हणाल्या. "नाक पूस. त्या टॉवेलला नको."

मग तहाचे बोलणे झाले. बोलणे म्हणजे आर्डिसबाईंनी कलमे सांगितली आणि ऑरिनरावांनी मान हलविली. ठरले ते ऐसे, की गंज आर्डिसबाई घासून काढतील आणि तव्यास तेलाचे हात देऊन भट्टीत पुनःपुन्हा तापवून पूर्ववत काळा करतील. तो काळा झाला की नाही हे फक्त त्याच ठरवतील, आणि तोवर तवा त्यांच्याच घरी राहील. मशीनची गोष्ट क्लबात कोणासही कळणार नाही. आणि याच्या मोबदल्यात ऑरिनराव लहान टिकल्यांची डबी या क्षणी टेबलावर ठेवतील. डबी ऑरिनरावांच्या कोटाच्या खिशात होतीच. यावरून काय मागणी होणार याचा त्यांस अंदाज होता, ऐसे दिसते.

आर्डिसबाईंनी डबी हाती घेतली आणि आवाज न चढवता म्हटले, "व्हर्लिन, दाराआड उभं राहून पाय दुखतील. ये, घेऊन जा."

व्हर्लिनराव आत आले, डबी घेतली, चष्मा लावून ती पुढून आणि मागून वाचली, आणि मेहुण्याकडे पाहिले. मेहुण्याने पाहिले नाही. तेव्हा व्हर्लिनरावांनी चुलीवर कॉफीचे आधण ठेविले आणि तीन पेले काढले. थर्मासचे झाकण ऑरिनरावांनी उघडून दिले.

मंगळवार आणि बुधवार व्हर्लिनराव गॅरेजात एकेका काडतुसात टिकली बसवीत होते, दारू तोलीत होते, आणि शीळ घालीत होते. तिकडे तवा भट्टीत तापून निघत होता आणि घरभर जळक्या तेलाचा धूर कोंदला होता, तो त्यांस अत्तरासारखा वाटला. गुरुवारी सकाळी त्यांच्यापुढे ताट आले. त्यात काचऱ्या होत्या, कडेने तांबूस, खालून खरपूस, दाताखाली कुरकुरणाऱ्या. व्हर्लिनरावांनी डोळे मिटून पहिला घास खाल्ला आणि दुसऱ्या घासास, शौर्याच्या भरात, शनिवारच्या स्वारीचा बेत सांगावयास प्रारंभ केला.

"शनिवारी कशाला जायचं?" आर्डिसबाईंनी विचारले.

"म्हणजे? स्पर्धा आहे."

"जिंकलास तर काय मिळणार?"

"तवा."

"तवा कुठे आहे?"

व्हर्लिनरावांनी चुलीकडे पाहिले.

"आणि हरलास तर तो कुठे जाणार?"

व्हर्लिनरावांनी काटा खाली ठेवला. बंदूक सज्ज, काडतुसे भरलेली, वर्षाचा अपमान धुण्याची संधी दोन दिवसांवर, आणि आता त्यांच्याकडे सर्व काही होते म्हणूनच त्यांस रणावर जाण्याचे कारण उरले नव्हते.

येथे जयाची नोंद करणे हे या कामाचे कर्तव्य आहे, म्हणून लिहितो की हार्लो बेंचच्या मोहिमेत राजश्री व्हर्लिनराव स्टकी यांनी दुष्काळातून टिकल्या मिळविल्या, शत्रूकडून बिडाचा तवा सोडविला, मेहुण्यास कॉफीस बसविले आणि काचऱ्यांची अब्रू राखली. आणि हे सर्व एकही बार न काढता; यात मोठा वाटा कोणाचा हे वाचणाराने ठरवावे. मोठ्या टिकल्यांची निळी डबी त्यांच्या पलंगाखाली गेली आहे. आता तेही साठेबाजांत मोडतात, आणि साठेबाजांस पूर्वीप्रमाणेच शिव्या देतात.

क्लबाच्या चिटणिसांनी ऑरिनरावांस दोनदा विचारले की तवा स्पर्धेच्या टेबलावर केव्हा येणार; त्यांनी तवा सुरक्षित आहे एवढेच सांगितले. आर्डिसबाईंस तवा पूर्ववत काळा झाला काय असे विचारले असता, त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि "अजून नाही," म्हणाल्या. आमच्या नजरेस तो काळाच दिसला.

पुढल्या शुक्रवारी दुपारी, हे लिहून होतेसमयी, व्हर्लिनरावांची रायफल मोटारीत ठेविलेली आहे, मोटारीची किल्ली आर्डिसबाईंच्या एप्रनच्या खिशात आहे, आणि शंभर यार्डांच्या खुणेवर हरिणी बसून आहे.