रंगराव चौगुलेची सवय

रंगराव चौगुले गुरुवारी वारला आणि शनिवारी सकाळी सातच्या पाळीला त्याची सवय कामावर आली.

मी टाईम ऑफिसात होतो. पंपाची कास्टिंगं करणाऱ्या या कारखान्यात चोवीस वर्षं मी हजेरी मांडतोय, आणि ती मी कानानं मांडतो. मशीनी सुरू झाल्या की कोण आलंय ते मला बसल्या जागी कळतं. रंगराव ड्रिल मशीनचं हँडल आधी दोनदा रिकामं ओढून बघायचा, त्यामुळं त्याची मशीन सुरू होताना खाकरल्यागत करायची. त्या दिवशी ती खाकरली. मी त्याच्या नावापुढं हजर मांडलं, रजिस्टर मिटलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याच्याच रक्षाविसर्जनाला नदीवर गेलो. लोक अजून विचारतात, कणसे, तुझ्या ध्यानात कसं आलं नाही? नाही आलं. हात चालला, मांडून झालं.

नदीवर कावळा शिवेना. भावकीनं एकेक करून सांगून बघितलं, रत्नावहिनीला अंतर देणार नाही, तुझं वरीसराद्ध चुकवणार नाही. कावळा तारेवरून हलला नाही. उन्हं वर आली तशी मंडळी घड्याळं बघायला लागली. शेवटी मी पुढं झालो. आमच्या कारखान्यात रीत आहे, कामगार नोकरीत असताना गेला तर त्याच्या जागेवर घरातलं एक माणूस घेतात. रंगरावला एकच मुलगी, स्वरूपा, बारावी होऊन घरात बसलेली. मी हात जोडून म्हणालो, "रंगा, पोरीला तुझ्या जागेवर लावतो. हा माझा शब्द." कावळा उतरला आणि भाताला शिवला. रत्नावहिनी माझ्याकडं बघून रडल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सोमवारी स्वरूपाचा अर्ज घेऊन मी बेडेकर साहेबांकडं गेलो. माणसं लावणं-काढणं सगळं त्यांच्याकडं. त्यांनी अर्ज वाचला, रजिस्टर मागवलं आणि म्हणाले की जागा रिकामी नाही. शनिवारी चौगुले हजर आहेत, हजेरी तुमच्याच अक्षरात आहे. मी म्हणालो, साहेब, चूक झाली, चौगुले वारलेत. चूक आहे की नाही ते बघू म्हणून ते मला मशीन शॉपमध्ये घेऊन गेले.

रंगरावच्या स्टुलावर कोणी नव्हतं. कास्टिंग उचललं जात होतं, पट्टीत बसत होतं, हँडल खाली येत होतं, आठ भोकं पडत होती आणि लोखंडाचा कीस फुंकरीनं उडत होता. शेजारच्या मशीनवरच्या मुल्लानं आपला डबा थोडा अलीकडं सरकवून घेतला होता, अडचण नको म्हणून. बेडेकर साहेबांनी खिशातनं स्टॉपवॉच काढलं आणि तासभर उभे राहिले. रंगराव पाळीला तीनशे चाळीस नग काढायचा. सवय चारशे बाराच्या हिशेबानं चालली होती. ती पाणी प्यायला जात नव्हती, तंबाखू मळत नव्हती आणि मुल्लाशी पंचायतीच्या निवडणुकीवर बोलत नव्हती.

पगाराचं काय, असं मी विचारलं. साहेब शांत माणूस, आवाज कधी चढत नाही.

"पगार माणसाला असतो, कणसे. हजेरी कामाला असते. माणूस वारलाय, काम हजर आहे."

नियम त्यांनी मला वाचून दाखवला. सलग तीन दिवस गैरहजेरी लागली तरच जागा रिकामी धरायची. युनियननं पत्र दिलं. उत्तर आलं की मयत सभासदाची वर्गणी थकली असल्यानं या प्रकरणात युनियनला बोलता येणार नाही. युनियनवाल्यांनाही ते पटलं.

रत्नावहिनींनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटायच्या वेळी गेटवर येऊन उभ्या राहायला लागल्या. तीन दिवस घरी ठेवून घेते म्हणाल्या. साडेतीनला सवय हात पुसायची, चिंधी खिळ्याला अडकवायची आणि सायकल स्टँडपर्यंत यायची. वहिनी हाक मारायच्या. तिथून पुढं काही हलायचं नाही. चार दिवस हे बघितल्यावर त्या टाईम ऑफिसच्या खिडकीशी आल्या.

"घरची सवयच नव्हती त्यास्नी, भावजी. यायचं, जेवायचं आन पडायचं. पोरगी कितवीत हाय ते बी मलाच इचारायचं. मी कुठल्या नावानं बोलवू?"

मग हळूच म्हणाल्या, तुम्हीच तीन दिवस गैरहजर मांडा की. तेवढ्यानं पोरगी लागते.

पेन माझ्या हातात होतं. तीन फुल्या, बास. पण मशीन चालू असताना फुली मारली तर खोटी हजेरी होते, आणि माझी निवृत्ती चार वर्षांवर आलेली. बघतो म्हणालो. बघतो म्हणजे काय ते त्यांनाही कळलं आणि मलाही. त्या गेल्या, आणि मी तीनही दिवस हजर मांडलं. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही. ज्यानं कावळ्याला शब्द दिला तोच मागं सरला.

तरी मी हात वर करून बसलो नाही. बेडेकर साहेबांच्या मागं लागलो, आणि महिन्याभरानं त्यांनी मधला मार्ग काढला. रंगरावच्या शेजारी एक जुनी ड्रिल मशीन बंद पडून होती, ती दुरुस्त करून स्वरूपाला शिकाऊ म्हणून घेतलं. काम वडिलांच्या सवयीकडं बघून शिकायचं. वहिनींनी साऱ्या शॉपला पेढे वाटले. मला दोन दिले.

पोरगी गुणाची. पहिल्या आठवड्यात बोटं सोलली, पण तक्रार नाही. उभ्या जन्मात बापाशेजारी एवढा वेळ ती कधी बसली नव्हती, असं तिनंच मला सांगितलं. सहा महिन्यांत ती बापासारखीच मान तिरकी करून फुंकर मारायला लागली. बेडेकर साहेब रोज येऊन टिपून जायचे. त्यांचं लक्ष पोरीवर आहे हे बघून मला बरंच वाटायचं. कायम करतील म्हणून मी वहिनींना सांगूनही बसलो.

सातव्या महिन्यात एका मंगळवारी साहेबांनी स्वरूपाला पाळी चालू असताना कँटीनला पाठवलं, दहा मिनिटं चहा पिऊन ये म्हणून. कँटीनच्या खिडकीतनं शॉप दिसतं. कप तिच्या हातात होता आणि तिकडं तिची मशीन चालू होती. कास्टिंग उचललं, बसवलं, हँडल खाली. तिनं बघितलं, कप खाली ठेवला आणि बराच वेळ उठली नाही. साहेबांनी स्टॉपवॉच बंद केलं. चारशे अठरा.

शिकाऊ काळ समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचं पत्र तिला त्याच संध्याकाळी मिळालं. अभिनंदन होतं, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा होत्या. बुधवारपासून येण्याची आवश्यकता नाही, हेही होतं. बुधवारी मी तिचं हजर मांडलं.

तिनं दुसरीकडं प्रयत्न केले. दोन कारखान्यांत चाचणीला गेली, पण हँडल धरायचं कसं इथपासून तिची सुरुवात. जे आलं होतं ते आमच्याकडं राहिलं. साहेबांना मी विचारलं, ते परत देता येईल का? प्रशिक्षण कंपनीच्या खर्चानं झालंय, म्हणाले. आता मुल्लालाही त्यांनी दहा दहा मिनिटं चहाला पाठवायला सुरुवात केली आहे. मुल्ला जात नाही. चहा सोडलाय म्हणतो.

दिवाळीच्या आधी मी चौगुल्यांच्या घरी गेलो. तोंड दाखवायला लाज वाटत होती, पण किती दिवस टाळणार? स्वरूपा भिंतीला टेकून बसली होती, हात मांडीवर उलथे टाकून. पाणी तिच्या आईनंच आणून दिलं. कुणी काही दूषण दिलं नाही. दिलं असतं तर सोपं गेलं असतं.

वहिनींनी विचारलं की दोघांच्या मशीनी अजून शेजारीच आहेत ना. मी होय म्हणालो. त्यांनी पोरीकडं बघितलं.

"त्यांचं जाऊ दे, ते काय येत न्हाईत. पण तिचीला तरी सांच्याला घरी लावून देत जावा, भावजी. ल्हान हाय ती अजून."

"तिला दुसरी पाळी लागलीय, वहिनी," मी सांगितलं.