राक्षसाचा आवाज कुणाचा

सहाला दार बंद होणार होतं आणि तुऊक्काची नऊ वर्षांची मेहनत एका घोरण्यापाशी अडली होती.

कुओपिओ शहरातल्या घरी, स्वयंपाकघरात त्याची आई हिल्का वेलचीचा पाव कापत होती. शेचाळीस वर्षांचा तुऊक्का लॅपटॉपपुढे घाम पुसत होता. लहानपणीचा बोगद्यातला जुना गेम त्याने चार मित्रांसह नव्याने लिहिला होता. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, बदलावा. पण नियम सोवळ्याहून कडक. मूळ गेममधलं एक चित्र नको, एक आवाज नको. सगळं घरचं, आणि ज्याचं असेल त्याची लेखी परवानगी. मुक्त सॉफ्टवेअरच्या मोठ्या संग्रहात आज शिरकाव झाला नाही, तर दोन वर्षं बसा हात चोळत.

तपासनीस डेटलेफ जर्मनीहून फोनवर होता. "राक्षसाचा आवाज कुणाचा?"

"घरचाच आहे."

"घराला सही करता येत नाही."

आवाज आईचा होता. तळ्याकाठच्या घरी ती दुपारी आडवी झाली असताना तुऊक्काने गुपचूप टिपलेला.

"मी घोरत नाही," हिल्का म्हणाली.

"आई, बाबा वीस वर्षं सॉनाच्या वाफेच्या खोलीत झोपायचे."

"त्यांना ऊब आवडायची."

"नुसती सही कर ना. नाव अगदी बारीक येतं."

"तुझ्या राक्षसाला दुसरी आई बघ."

पावणेसहा झाले. तुऊक्का स्वतःच गुरगुरला. "हे मांजर कुणाचं?" डेटलेफने विचारलं. आवाज काढूनच टाकावा, तर अंधारात राक्षस कुठून येतोय हे खेळणाऱ्याला कळणार कसं?

"आयरीचा असेल तो," हिल्का पावावरून नजर न काढता म्हणाली. "तीही होती तेव्हा. तिला विचार."

खोटी सही पकडली गेली तर संग्रहाचं दार कायमचं बंद. पण मावशी कानांवर हात ठेवेल आणि आई वठणीवर येईल, अशा हिशेबाने तुऊक्काने दुसऱ्या फोनवरून, आईलाही ऐकू जाईल असा स्पीकर लावून, तिला आवाज ऐकवला.

"माझाच की रे," आयरीमावशी म्हणाली. "चाळीस वर्षं चर्चमध्ये गाते मी. असला खर्ज आपल्या घरात दुसऱ्या कुणाचा? तुझ्या आईला तर जिना चढताना दम पुरत नाही. लिही माझं नाव, ठळक लिही."

"मिळालं का नाव? पाठवा," इकडून डेटलेफ म्हणाला. "चार मिनिटं उरलीत."

हिल्काने सुरी खाली ठेवली.

"तिचा फोन बंद कर."

"आई, ऐक..."

"सही कुठं करायची ते दाखव."

तिने माहेरच्या आडनावासकट सही केली. खाली आणखी एक रकाना होता: आवाज कसा तयार केला? तुऊक्काने तो वाचून दाखवला.

"घोरून, असं लिही," हिल्का म्हणाली. "आणि पुढं लिही, एका दमात."

सहाला एक मिनिट असताना डेटलेफने ते वाचलं आणि गेम आत घेतला. एक अक्षरही खोडलं नाही.