कॅमेऱ्यातली चिमणी

एकोणीसशे चौसष्ट साली बाजारातल्या फोटोस्टुडिओत बदकाची पिल्लं राहायला आली, आणि ती कुणी बोलावलेली नव्हती. ती आणली फोटोग्राफरच्या मेहुण्याने. या मेहुण्याला दरवर्षी नवा धंदा सुचायचा. एका वर्षी ससे झाले, ते जाळीखालून पसार झाले. मग मधमाश्या झाल्या, त्या मेहुण्यालाच चावून उडून गेल्या. या वर्षी अंड्यांसाठी बदकं.

"ताई, पंधरा दिवस सांभाळ. जागा मिळाली की घेऊन जातो," टोपली फोटोग्राफरच्या बायकोपुढे टेबलावर ठेवत तो म्हणाला.

"अरे, पण मी साधा पोपटसुद्धा पाळलेला नाही कधी."

"पोपटाला बोलायला शिकवावं लागतं. यांना काय, नुसतं पाणी दाखवायचं!"

एवढं ज्ञान देऊन तो गेला. टोपलीत पिवळ्या लोकरीच्या गुंड्यांसारखी सहा पिल्लं एकसुरात चिवचिवत होती.

बाईंनी भावाचा शब्द प्रमाण मानून पाणी दाखवलं. स्टुडिओच्या मागेच घर; फोटो धुवायचा मोठा ट्रे हाताशी होता, त्यात पाणी भरलं आणि पिल्लं सोडली. थोड्या वेळाने त्या ओरडत बाहेर आल्या.

"अहो, बदकं बुडतायत!"

"बदकं बुडत नसतात," फोटोग्राफर गिऱ्हाइकाची मान सरळ करत म्हणाले.

"मग येऊन सांगा त्यांना तसं!"

आईच्या पिसांचं तेल अंगाला लागलं, तरच एवढ्याशा पिल्लांच्या अंगावरून पाणी निथळतं, हे बाईंना पुष्कळ पुढे कळलं. त्या दिवशी दिसलं ते एवढंच, की पिल्लं चिंब होऊन कुडकुडत होती. त्यांनी ती पुसली, खोक्यात घातली आणि घरातल्या सर्वांत उबदार जागी, म्हणजे डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली नेऊन ठेवली. वारा लागू नये म्हणून खुंटीवरचं काळं कापड काढून वर पांघरलं. चिवचिव एकदम थांबली. बाईंना हायसं वाटलं.

ते कापड कॅमेऱ्याचं होतं. त्या काळी मोठा कॅमेरा लाकडी तिपाईवर उभा असे आणि फोटोग्राफर मागून काळं कापड डोक्यावर घेऊन आत बघत असे. पंधरा दिवस उलटले. मेहुण्याचा पत्ता नव्हता, आणि पिल्लांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, की आपली आई काळी आहे, खुंटीवर राहते आणि तिला फोटो धुवायच्या औषधांचा व केसांच्या तेलाचा वास येतो.

फोटोग्राफरनी कापड उचललं, की सहाही जण आकाश कोसळल्यासारखा आक्रोश करत. बाईंनी बाजारातून तसलंच नवं कापड आणून शिवलं. पिल्लांनी त्याच्याकडे पाठ फिरवली.

"त्यांना तुमचा वास लागतो," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी त्यांची आई?"

"तुम्ही कसले! कापड आई. तुम्ही असाल मामा."

हेही चाललं असतं. पण एक दिवस वाळत घातलेल्या ओल्या फोटोवरून एक पिल्लू चालत गेलं आणि एका वकिलाच्या कपाळावर बदकाचं पाऊल उमटलं. वकील ओरडून गेले ते थेट समोरच्या दुकानात. समोर नुकताच एक नवा स्टुडिओ निघाला होता. त्याच्याकडे लखकन चमकणारा फ्लॅश होता, म्हणून सगळे त्याला फ्लॅशवाला म्हणत.

"आता शेवटचं सांगतो," फोटोग्राफर म्हणाले. "सोमवारी पाणीपुरवठा ऑफिसचा ग्रुप फोटो आहे. मोठे साहेब निवृत्त होतायत. हे काम बिघडलं, की अख्खं ऑफिस समोर गेलं म्हणून समज. त्यात या बदकांचा पायसुद्धा दिसला, तर संध्याकाळी बदकं घराबाहेर."

बाईंच्या हातून कधी साधी मिरचीसुद्धा रुजली नव्हती. कुंडीत लावलेलं सगळं वाळून जायचं. ही सहा मात्र जगली होती. रोज वाढत होती.

सोमवारी फोटोग्राफर कॅमेरा आणि कापड घेऊन गेले. इकडे पिल्लांनी खाणंपिणं सोडून आक्रोश मांडला. दुपारपर्यंत एकाने मान टाकल्यासारखं केलं. बाईंचा धीर सुटला. फोटो झाला, की तिथल्या तिथे कापड ताब्यात घ्यावं, म्हणून त्या टोपलीसकट ऑफिसच्या फाटकात जाऊन उभ्या राहिल्या.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. मधोमध मोठे साहेब. त्यांचं हसू ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं, आणि ते समोर असताना स्वतः हसायची कुणाची टाप नव्हती. मांडीवर चार वर्षांची नात, ती भलतीकडेच बघत होती. फोटोग्राफर कापडाखाली शिरले. कॅमेऱ्याच्या काचेवर माणसं उलटी दिसतात. तशी ती सगळी उलटी, पण गंभीर दिसत होती.

तेवढ्यात टोपलीचं झाकण उडालं. आई दिसली होती! सहाही पिल्लं अंगण ओलांडून धावत आली आणि कापडाखाली घुसली. पायांना गुदगुल्या झाल्या तसे फोटोग्राफर चवड्यांवर नाचू लागले. बाहेरच्यांना नाचणारे दोन पाय तेवढे दिसले.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. फोकस."

त्यांनी डोकं बाहेर काढलं. फाटकात बायको रिकामी टोपली घेऊन उभी होती. ते सगळं समजले. पिल्लं कापडाखाली गप्प झाली होती. आता झटपट उरकणं, हाच एक उपाय होता. त्यांनी कॅमेऱ्यात फोटोची काचेची प्लेट घातली, दाबला की फोटो निघतो तो रबरी फुगा हातात घेतला आणि गेली वीस वर्षं प्रत्येक मुलाला मारत आलेली थाप नातीलाही मारली.

"इकडे बघ बाळ. आता यातून चिमणी येणार हं!"

"खोटं," नात म्हणाली. "मागच्या वेळीही नव्हती आली."

"या वेळी नक्की येणार!" असं म्हणत त्यांनी सवयीप्रमाणे कापड ओढून खांद्यावर टाकलं.

तिपाईच्या पायांमधून सहा पिल्लं ओळीने बाहेर आली.

"आजोबा, आली! सहा आली!"

हेडक्लार्क फिस्सकन हसला. मागची रांग हसत सुटली. आणि मोठे साहेब गदागदा हसायला लागले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, हे ऑफिसला तेव्हा कळलं. फोटोग्राफरच्या घाबरलेल्या मुठीत फुगा दाबला गेला. गडबडीत जास्तीच्या प्लेटला ऊन लागलं आणि ती वाया गेली; उरला तो हसतानाचा एकच फोटो.

प्रिंट घेऊन फोटोग्राफर साहेबांपुढे उभे राहिले. साहेबांनी फोटो पुष्कळ वेळ पाहिला.

"यात बदकं कुठे आहेत?"

"ती खाली राहिली साहेब. फोटोबाहेर."

"म्हणजे हा फोटो बघून लोक म्हणणार, मी जातोय म्हणून सगळे खूश आहेत."

फोटोग्राफरनी प्रिंट परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि मीही खूश," साहेब म्हणाले. "हा हेडक्लार्क कधी माझ्यासमोर हसला नव्हता."

"साहेब, तुम्हीही कधी..."

"कळलं. हाच मोठा करून ऑफिसात लावा. एक मला घरी."

त्या संध्याकाळी बदकांना घराबाहेर काढायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी काढावं, तर दुकानापुढे आया मुलांना घेऊन उभ्या. या कॅमेऱ्यातून खरोखरची चिमणी येते, असं नातीने शाळाभर सांगितलं होतं.

महिन्याभराने मेहुणा उगवला. "भावोजी, पिल्लं न्यायला आलो."

"कुणाची पिल्लं?" फोटोग्राफर म्हणाले.

पुढे मेहुणा विमा एजंट झाला आणि तो धंदा टिकला, कारण त्यात काही पाळावं लागत नाही. फ्लॅशवाल्याने पोपट आणला; तो गिऱ्हाइकांना शिव्या द्यायला शिकला, तेव्हा त्याने दुकान दुसऱ्या गल्लीत नेलं. नात मुलांची डॉक्टर झाली. सुई टोचताना 'दुखणार नाही' असं ती म्हणत नाही. 'दुखेल हं थोडं' म्हणते. फोटोग्राफर थकेपर्यंत त्याच कॅमेऱ्याने फोटो काढत राहिले. बाईंच्या मागच्या अंगणात बदकांच्या कितीतरी पिढ्या झाल्या. फोटोग्राफर गेल्यावर कॅमेरा विकला. ते काळं कापड मात्र बाईंनी ठेवून घेतलं आणि शेवटपर्यंत धुतलं नाही.

ऑफिसातला फोटो अजून तिथेच आहे. नवे साहेब रुजू झाले, की पहिल्या दिवशी विचारतात, "हे सगळे एवढे हसतायत कशाला?"

"साहेब निवृत्त झाले, तेव्हाचा आहे," शिपाई सांगतो.

मग नवे साहेब जरा जपून वागतात.