कोपऱ्यातला आठ

मुरलीभाऊ नवीन लेन्समधून माणूस, फूल, इमारत काही बघत नसत. आधी दहावीच्या निकालाचं पान बघत.

आमच्या दैनिकाचे ते छायाचित्रकार. त्या काळी पास झालेल्यांचे परीक्षा क्रमांक पेपरात छापून येत, पानभर, मुंगीएवढ्या आकड्यांत. असलं एक पिवळं पडलेलं पान त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलं होतं. ते भिंतीला लावायचं, कॅमेरा स्टँडवर ठेवून फोटो काढायचा, फिल्म धुवायची आणि निगेटिव्हचा खालचा उजवा कोपरा घड्याळजीच्या आयग्लासनं बघायचा. "मधे तर कोणतीबी काच बरी दिसती. लेन्सची जात कोपऱ्यात कळती."

त्यांना लेन्स चाले ती फक्त पन्नास मिलिमीटरची, जवळ-लांब न होणारी. झूमचं नाव काढलं की म्हणत, "देवानं पाय कशाला दिलेत?" एका सत्कार समारंभात सगळे पाहुणे चौकटीत बसावेत म्हणून ते मागं सरकत गेले आणि पाण्याच्या पिंपात बसले. बटण मात्र दाबलं. पंचवीस पाहुणे एकदम हसत असल्याचा फोटो आमच्याकडे तेवढा एकच आहे.

पन्नासच्या लेन्सची रचना ते कँटीनमध्ये चहाचे सहा कप मांडून समजावत. "तीन काचा पुढं, तीन मागं, मधे भोकाचा पडदा. पुढच्या जे बिघडवत्यात ते मागच्या दुरुस्त करत्यात. तरी कोपऱ्यात थोडं राहतंच. भोक बारीक केलं की तेबी निघतं." तोवर चहा गार होई.

एका पावसाळ्यात त्यांच्या लेन्सला बुरशी लागली. संपादकांनी नवीन मंजूर केली, पण बजावलं, "शनिवारपर्यंत पसंत करा. नाहीतर सोमवारी झूम येईल." मुरलीभाऊंनी त्या रात्रीचं जेवण टाळलं, असं वहिनींकडून कळलं.

सिटी चौकातल्या दुकानातून आणलेल्या दोन लेन्स त्यांनी परत केल्या. दुकानदार सलीमभाई वैतागले. "मुरलीभाई, शादी का रिश्ता भी लोग इतना नहीं देखते."

"रिश्ता असता तर चालवून घेतला असता."

शनिवारी दुपारी तिसरी आली. मी डार्करूमच्या दारात उभा होतो. तोवर अख्ख्या कार्यालयाला निकालाची उत्सुकता लागली होती, मुद्रितशोधकानं दोनदा येऊन "काय झालं?" विचारलं. फिल्म वाळली. मुरलीभाऊंनी बराच वेळ बघितलं आणि आयग्लास माझ्या हातात दिला.

"शेवटची ओळ. शेवटच्या नंबरचा शेवटचा आकडा."

"तीन," मी म्हणालो.

"घाई करू नका."

मी श्वास रोखून पाहिलं. तीनच्या डाव्या अंगाला केसाएवढी तुटक रेघ होती. शाई कमी लागलेली.

"आठ आहे हा."

"व्हय. आठच आहे." ते स्टुलावर बसले. "हीच लेन्स ठेवायची."

हाच आकडा का, असं मी विचारलं. ते निगेटिव्ह पाकिटात घालत राहिले.

"आमच्या दिन्याचा नंबर आहे. धाकटा भाऊ. पेपर गावात उशिरा यायचा, त्यात एकच प्रत. मीच वाचून दाखवला. तीन वाचला. त्याचा नंबर आठवर संपत होता. म्हणाला, नापास झालो. संध्याकाळी लासूर स्टेशनावरून गाडीत बसला. चार दिवसांनी शाळेत गुणपत्रिका आली. सेकंड क्लास."

"आणि दिनू?"

"त्याला अजून कुठं कळलंय."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मोठी सभा झाली. नव्या लेन्सनं घेतलेला वक्त्याचा फोटो संपादकांना फार आवडला. त्याची निगेटिव्ह घ्यायला मी डार्करूममध्ये गेलो, तेव्हा मुरलीभाऊ गर्दीच्या निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर पसरून बसले होते. आयग्लास एकेका चौकटीच्या कडेनं सावकाश सरकत होता, चेहऱ्यामागून चेहरा. मंडपाच्या दोरीला टेकलेल्या एका माणसापाशी तो थांबला, मग पुढं गेला.

वक्त्याची निगेटिव्ह त्यांनी न बघताच माझ्याकडे सरकवली.

"मधलं तुम्ही छापा," ते म्हणाले. "कडेचं मला बघू द्या."